अंतराळातपण गुरुत्वाकर्षण असतं की ओ साहेब!

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारी मुलांच्या पानावर तुम्ही छापलंत की अंतराळात गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून अंतराळवीर तरंगतात. एरवी मी पत्रबित्र लिहिणारा माणूस नाही, पण त्याच आठवड्यात ह्याच प्रश्नाला माझ्या नातवाचा एक मार्क गेलाय, त्यानं लिहिलं 'असतं', बाईंनी लाल फुली मारली आणि आता तुमचा पेपर पण बाईंच्याच बाजूला. पोरगं रडकुंडीला आलं ओ. आणि ते उत्तर त्याला मीच शिकवलेलं.

माझा धंदा काट्यांचा. चाळीस वर्षं कांद्याच्या अडतीतले वजनकाटे दुरुस्त केले, त्यामुळं वजन ह्या विषयावर बोलायचा थोडा हक्क आहे म्हणायचा.

शुभांशु शुक्ला 2025 च्या जून-जुलैत ज्या स्पेस स्टेशनवर राहून आले ते जमिनीपासून साधारण 400 किलोमीटर वर आहे. 400 म्हणजे किती, तर आपल्या सोलापूरहून मुंबई, रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसला बसलं की सकाळी उतरायचं. एवढ्यात पृथ्वीची ओढ संपती होय? ओढ मोजायची ती पृथ्वीच्या मध्यापासून, आणि तिथून आपण आधीच 6370 किलोमीटरवर उभे आहोत, त्यात अजून 400 घातले तर ओढ अकरा-बारा टक्के कमी होते, बस्स. समजा तेवढा उंच टॉवर बांधला आणि त्याच्या टोकावर काटा ठेवून 60 किलोच्या माणसाला उभं केलं तर काटा 53 दाखवंल. शून्य नाही.

मग ते तरंगतात कसे? तर ते सगळे पडायलेत, स्टेशनसकट. गड्ड्याच्या जत्रेत मोठ्या पाळण्यात बसलेल्याला हे सांगायची गरज नाही, पाळणा वरून खाली यायला लागला की पोटात गोळा येतो, तेव्हा बुडाखालची सीट आपल्याला नेहमीइतकी वर दाबत नसती एवढंच. काट्यावर उभं राहिल्यावर काटा दाखवतो ते हेच, तो आपल्याला वर किती दाबतोय ते. खालचा आधारच आपल्याबरोबर पडायला लागला तर तो दाबणार कशाला.

नातवाला पटेना म्हणून रद्दीवाल्याकडं असतो तसला हुकाचा स्प्रिंगवाला काटा घेतला, त्याला दोन किलो कांदे अडकवले आणि गच्चीच्या जिन्यावरून खाली गादीवर सोडून दिला, सूनबाईंनी मोबाईलवर स्लो मोशनमध्ये शूटिंग केलं. पडताना काट्याची सुई शून्यावर! कांदे होते तेवढेच, पृथ्वी होती तिथंच. (गादीला कांद्याचा वास बसला तो अजून निघाला नाही, त्यावरून घरात वेगळा विषय झाला.)

स्टेशन पडतंय तर जमिनीवर आदळत का नाही, हा नातवाचा पुढचा प्रश्न. ते दर सेकंदाला चारेक मीटर खाली पडतं, पण तेवढ्यात साडेसात किलोमीटरच्या वर पुढं पण जातं, म्हणजे सोलापूर ते पुणे अर्ध्या मिनिटात, आणि पृथ्वी गोल असल्यामुळं तेवढ्या अंतरात जमीनच चारेक मीटर खाली वळलेली असती. पडतंय पण जमीन काही गावत नाही. दीड तासात एक फेरी. चंद्राचं पण असंच, तो लांब आहे म्हणून सेकंदाला दीड मिलिमीटरसुद्धा पडत नाही, पण पडतोय. ओढ नसती तर स्टेशन काय नि चंद्र काय, सरळ नाकासमोर निघून गेले असते.

आता धंद्यातली गोष्ट. एका व्यापाऱ्यानं दिल्लीहून सेट होऊन आलेला इलेक्ट्रॉनिक काटा घेतला, तर 50 किलोच्या पोत्यामागं 40 ग्रॅम कमी दाखवायला लागला. तो म्हणे काटा फॉल्टी आहे, परत पाठवतो. काटा चांगला होता ओ. पृथ्वी मध्यावर फुगीर आणि ध्रुवांकडं चपटी, शिवाय स्वतःभोवती फिरती, म्हणून उत्तरेला जावं तसं वजन किंचित वाढतं, आणि आपलं गाव दिल्लीपेक्षा समुद्रापासून उंच पण आहे. काट्याला ते काय माहीत, त्याला फक्त दाब कळतो. इथं प्रमाणित वजन ठेवून परत सेट केला, विषय संपला. जुन्या तराजूला ही भानगडच नव्हती, एका पारड्यात माल आणि दुसऱ्यात वजनं, दोन्हीकडची ओढ सारखीच कमी होणार. तराजू चंद्रावर नेला तरी किलोचा किलोच भरंल, स्प्रिंगचा काटा मात्र सहावा हिस्सा दाखवंल.

जाता जाता भरतीचं. आमचे व्याही रत्नागिरीचे, तिथीची पाऊणपट करून ते भरतीची वेळ सांगतात, चतुर्थी असंल तर तीनच्या सुमाराला. त्यांनी एकदा चेष्टेनं विचारलं, तुमच्या सिद्धेश्वर तलावाला भरती का येत नाही हो? तर चंद्र नुसता ओढतो म्हणून भरती येत नाही, पृथ्वीच्या अलीकडच्या बाजूला जास्त आणि पलीकडं कमी ओढतो, त्या फरकानं येते. तलावाच्या ह्या काठाला नि त्या काठाला फरक तो किती पडणार. सूर्य पृथ्वीला चंद्रापेक्षा कितीतरी पट जोरात ओढतो, पण लांब असल्यामुळं फरक कमी पडतो, म्हणून भरतीत त्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून कमी.

तर साहेब, येत्या रविवारी त्याच पानावर दुरुस्ती छापा, छोटीशी चालंल. कात्रण नातवाच्या वहीत चिकटवून बाईंना दाखवायचंय, एक नाही तर अर्धा मार्क तरी परत देतील.

आपला,
एक जुना काटेवाला, सोलापूर