बारा ट्रान्सफॉर्मर, एक उंची

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या कारखान्याच्या कॅटलॉगसाठी फोटो काढायचं काम या वेळी तुझ्यावर आहे, म्हणून दोघं मिळून लिहितोय. बारा ट्रान्सफॉर्मर एकाच पानावर शेजारी-शेजारी छापले जाणार. त्यातला एखादाच देखणा येऊन भागत नाही. बाराही एका मापात बसले, तरच घेणाऱ्या इंजिनिअरला त्यांच्यातला फरक दिसतो.

बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन नवरा-बायकोनं आयुष्यभर हेच केलं. 1959 पासून पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, खाणींवरचे मनोरे टिपले. आभाळ ढगाळ, कॅमेरा मोठ्या निगेटिव्हचा, आणि फोटो चढून काढायचा, म्हणजे उभ्या रेषा उभ्याच राहतात. मग एकाच जातीच्या वस्तूंचे नऊ, बारा, पंधरा प्रिंट ओळीनं टांगायचे. 1990 साली व्हेनिसच्या बिएनाले या कलाप्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळालं, तेही शिल्पकलेचं!

आता तुझं. ट्रान्सफॉर्मर 3 मीटर उंच असेल तर लेन्स जमिनीपासून दीड मीटरवर आणि कॅमेरा अगदी लेव्हलमध्ये. खालून वर बघितलंस की बुशिंग (तारा जोडायचे वरचे चिनीमातीचे खांब) आत झुकतात, मग कॉम्प्युटरवर ओढत बसावं लागतं. फुलफ्रेम (36 × 24 मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर 85 मिमीची लेन्स लावून कॅमेरा आडवा धरलास तर 12 मीटरवरून उभ्यात साधारण 3.4 मीटर मावतात. जागा कमी म्हणून 24 मिमीच्या लेन्सनं जवळ जाऊ नकोस, पुढचा रेडिएटर (तेल थंड करणारे पंख) फुगतो आणि मागची टाकी बारीक दिसते. स्टँडच्या तिन्ही पायांखाली जमिनीवर टेप लाव. कॅमेरा हलवायचा नाही, क्रेननं ट्रान्सफॉर्मर बदलायचा. मात्र लहान-मोठे असतील तर उंची आणि अंतर त्याच प्रमाणात बदल.

उघड्यावर, ढगाखाली काढ. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) 100, एफ (लेन्सचं छिद्र) 8, शटर साधारण 1/60 सेकंद. कडक उन्हात रेडिएटरच्या पंखांमध्ये काळे पट्टे पडतात आणि चिनीमातीच्या बुशिंगवर पांढरे डाग चमकतात. छिद्र बारीक करत एफ 22 वर गेलीस तर नेमप्लेटची अक्षरं मऊ पडतील. शेडमध्येच काढायची वेळ आली तर शटर 1/50 किंवा त्याहून हळू ठेव. आपल्याकडचे दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात, वेगात काढलं की एक फोटो उजळ आणि पुढचा मळका येतो, कधी पट्टेही. छताला हिरवट फायबरचे पत्रे असतील तर प्रत्येक वेळी ग्रे कार्ड (रंग जुळवायचा करडा पुठ्ठा) धर. शेजारी प्रेस मशीन चालू असेल तर हादरा नको म्हणून ठोका पडून गेल्यावरच बटण दाब.

कॅमेऱ्याआधी कापड हातात घे. तेलाचे ओघळ, खडूचे आकडे, वर राहिलेला क्रेनचा हुक, सगळं काढून घे. ब्रीदरच्या (आत जाणाऱ्या हवेतला ओलावा शोषणाऱ्या डबीच्या) काचेत बघ. निळं सिलिका जेल ओलाव्यानं गुलाबी होतं. आपल्याला तो रंग छान वाटेल, पण इंजिनिअर पहिली नजर तिथेच टाकतो. गुलाबी दिसलं तर बदलायला सांग. नारिंगी जेल असेल तर ते हिरवट होतं.

तेल भरतात तिथे विचारल्याशिवाय फ्लॅश काढू नकोस. आणि पेंट शॉपमधून रंग दिलेला पत्र्याचा एक तुकडा मागून आण, छापखान्यात शेड जुळवायला लागेल.

आई-बाबा