परदेशाला मदत जरूर करा, पण कोणत्या कायद्याखाली? परराष्ट्रमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : परदेशांना दिल्या जाणाऱ्या आर्थिक व लष्करी मदतीसाठी संसदेने कायदा करण्याबाबत

महोदय,
स.न.वि.वि.

परदेशातल्या सरकारी मदतीच्या प्रकल्पाला पुरवलेल्या मालाचे पैसे थकले, अशी तक्रार मी केली होती. तिला गेल्या आठवड्यात दिल्लीहून उत्तर आलं. तक्रार दोन खासगी पक्षांमधल्या व्यवहाराची आहे, सबब या कार्यालयाचा तिच्याशी संबंध नाही, एवढंच त्यात आहे. त्याच कार्यालयातल्या अधिकाऱ्यांनी ठाण्यातल्या उद्योजकांच्या मेळाव्यात माइकवरून शब्द दिला होता की थकलेल्या पैशांची चौकशी करू आणि महिन्याभरात लेखी कळवू. आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. महिना केव्हाच उलटला आणि हाती हे पडलं. म्हणून थेट आपल्याला लिहितो आहे.

वागळे इस्टेटमध्ये माझा इलेक्ट्रिकल पॅनेलचा छोटा कारखाना आहे. पंपांचे स्टार्टर पॅनेल, मोटर कंट्रोल सेंटर हे आमचं काम. आफ्रिकेतल्या एका देशात भारताच्या कर्जसाहाय्यातून सिंचनाचा प्रकल्प मंजूर झाला. मुख्य ठेका एका मोठ्या कंपनीला मिळाला आणि तिच्याकडून पॅनेलची ऑर्डर मला. खरं सांगतो, अभिमान वाटला होता. भारत सरकारच्या सहकार्याने, अशी पट्टी प्रत्येक पॅनेलवर लावायची होती आणि ती मी स्वतः उभं राहून सरळ लावून घेतली. इन्स्पेक्शन झालं, समुद्रमार्गाच्या प्रवासाचं लाकडी पॅकिंग झालं, माल न्हावा-शेव्याला गेला. पैसे मात्र अर्ध्याहून कमी आले. उरलेल्यांबद्दल विचारलं की कंपनीचं ठरलेलं उत्तर : तिकडून पैसे आले की देऊ.

तिकडून म्हणजे कुठून, मंत्रिमहोदय? या योजनेत पैसा तिकडे जातच नाही. कर्ज त्या देशाच्या नावावर लिहिलं जातं. इथल्या ठेकेदाराने माल पाठवून कागदपत्रं दिली की एक्झिम बँक, म्हणजे आयात-निर्यातीला कर्ज देणारी सरकारी बँक, त्याला भारतातच पैसे देते. त्या देशाने ते पुढे वर्षानुवर्षं फेडायचे, आणि नाही फेडले तर हमी भारत सरकारची. म्हणजे तुमची-आमची. अर्थ मंत्रालयाच्या डिसेंबर २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे या कर्जातल्या मालाचा आणि सेवांचा ७५ टक्के वाटा साधारणपणे भारतातूनच घ्यावा लागतो. तो वाटा पुरवणाऱ्यांत वागळे, रबाळे, महापे, तुर्भे इथले माझ्यासारखे लोक असतात. पण त्या तत्त्वांनी आम्हाला काय दिलं? ठेकेदाराला पैसे मिळाले का, एवढं विचारायचाही अधिकार नाही. माहिती अधिकारात विचारलं तर कलम ८ दाखवलं गेलं : परराष्ट्र संबंध आणि व्यापारी गोपनीयता. मी पॅनेलमधल्या बसबार आणि कॉन्टॅक्टरच्या बिलाबद्दल विचारत होतो.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे, हे मला माहीत आहे. जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावेत, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. त्या कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे दावा दाखल केला आहे. ९० दिवसांत निकाल लागावा असं तोच कायदा म्हणतो, आणि तेही दिवस सरले. दरम्यान बँकेने कॅश क्रेडिटचं खातं थकीत ठरवायची नोटीस पाठवली. बँकेला ९० दिवस बरोबर मोजता येतात. बायकोच्या पाटल्या आणि मंगळसूत्र सोनेतारण कर्जात आहेत. किसननगरचे माझे दोन वायरमन, हातात उत्तम कसब असलेली पोरं, आता मोटरसायकलवरून जेवणाचे डबे पोहोचवतात. त्यांचा शेवटचा पगार मी वेळेवर देऊ शकलो नाही. दिवाळीचा बोनस तर दूरच. रात्री झोप लागत नाही. हे लिहायचं नव्हतं, पण दोन खासगी पक्ष हे शब्द वाचल्यापासून डोकं शांत नाही. सरकारने ठरवलेला प्रकल्प, सरकारची हमी, सरकारचं नाव पॅनेलवर, आणि बुडायची वेळ आली की मी खासगी.

आता मूळ मुद्दा. भारत परदेशांना मदत करतो ती कोणत्या कायद्याखाली? मी शोधलं. वकिलांना विचारलं. एक्झिम बँक १९८१ च्या कायद्याने झाली, पण कोणाला, कशासाठी, कोणत्या अटीवर मदत द्यायची आणि त्याचा जाब कोणी द्यायचा हे सांगणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. मार्गदर्शक तत्त्वं अर्थ मंत्रालयाची, प्रकल्प पाहणारा विकास भागीदारी विभाग २०१२ पासून आपल्या मंत्रालयात, पैसा एक्झिम बँकेचा. आमच्यासारख्याने दार कोणाचं वाजवायचं?

माझे वडील साताऱ्याहून ठाण्यात आले तेव्हा रेशनच्या रांगेत अमेरिकेचा गहू आणि मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, मिळायचा. पी.एल. ४८० हा शब्द त्यांच्या तोंडी होता. शाळा सातवीपर्यंत झालेल्या माणसाला परक्या देशाच्या कायद्याचा नंबर पाठ होता, कारण त्या देशाने आपलं धान्य १९५४ साली कायदा करून देऊ केलं होतं. त्या मदतीने आपल्याला मानहानीही सोसावी लागली. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉन्सन यांनी धान्याची जहाजं अडवून धरली होती. तरी कागद होता. आज आपण देणारे झालो आहोत. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात परदेशांच्या मदतीसाठी ५,४८३ कोटी रुपये ठेवले, त्यातले २,१५० कोटी एकट्या भूतानला. कर्जसाहाय्य त्याहून वेगळं. २०२२ मध्ये श्रीलंका कोसळली तेव्हा आपण सुमारे ४ अब्ज डॉलरची मदत केली. चांगलं केलं. शेजारी उपाशी असताना हात आखडता घ्यावा असं मी कधीच म्हणणार नाही. पण आमच्या घरात लग्नातल्या आहेराचीसुद्धा वही असते.

कायदा असला की काय होतं, ते बघा. ब्रिटनने मलेशियातल्या पर्गाऊ धरणाला २३.४ कोटी पौंडांची मदत ठरवली, शस्त्रखरेदीच्या वाटाघाटींशी तिचा सांधा होता. एक नागरी संस्था न्यायालयात गेली आणि १९९४ मध्ये ती मदत बेकायदा ठरली, कारण १९८० च्या कायद्यात मदतीचा हेतू लिहिलेला होता. अमेरिकेत १९६१ चा मदतीचा कायदा आहे, १९७६ चा शस्त्रनिर्यातीचा आहे. ट्रम्प यांनी जानेवारी २०२५ मध्ये मदत थांबवली, जुलैपर्यंत परदेशांना मदत देणारी यूएसएड ही सरकारी संस्था बंदच केली. म्हणजे कायद्यानेही सगळं वाचत नाही, हे मला दिसतं. पण काम पुरं केलेल्या संस्था न्यायालयात जाऊ शकल्या, आणि मार्च २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सुमारे २ अब्ज डॉलरची देणी चुकती करण्याच्या आदेशात हस्तक्षेप करायला नकार दिला. केलेल्या कामाचे पैसे! माझं मागणं याहून वेगळं काय आहे?

लष्करी मदतीचंही तेच. व्हिएतनामला २०१६ मध्ये संरक्षणासाठी ५० कोटी डॉलरचं कर्जसाहाय्य जाहीर केलं, २०२३ मध्ये आयएनएस किरपाण ही चालू स्थितीतली युद्धनौका भेट दिली. निर्णय योग्यही असतील. पण असा निर्णय घेण्यापूर्वी संसदेला कळवणं बंधनकारक करणारा कायदा कुठे आहे? या देशात करार मंत्रिमंडळ करतं, संसदेचं मत घ्यावं लागत नाही. मग पाच वर्षांनी आम्ही तीन हात नाक्यावर उन्हात प्रचारसभा ऐकतो त्या कशासाठी? खासदार येतात, उड्डाणपुलाचं सांगतात, मेट्रोचं सांगतात. परदेशात दिलेल्या हमीबद्दल ठाण्यात कोणी एक शब्द बोललेला मला आठवत नाही. मोठ्या ठेकेदाराला दिल्लीत ओळखी असतात, त्याची फाइल हलते. खालच्या माणसाचं नाव त्या फाइलमध्ये नसतंच. वागळे इस्टेटमधले कारखाने एकामागून एक पाडून काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, त्यामागे जमिनीचे भाव आहेत हे खरं, पण थकलेल्या बिलांनी खचून गाळा विकलेले लोक माझ्या ओळखीचे आहेत.

परराष्ट्र धोरण चव्हाट्यावर मांडता येत नाही, असं आपण म्हणाल. चर्चा गुप्त ठेवा. पण माल गेल्यानंतर, कर्जाचा हप्ता ठेकेदाराच्या खात्यात पडल्यानंतर त्यात गुप्त काय राहतं? कायदा करा. कर्जसाहाय्याच्या प्रत्येक प्रकल्पातल्या पुरवठादारांची यादी आणि त्यांना मिळालेले पैसे जाहीर होऊ द्या. खालच्या पुरवठादाराचं देणं भागल्याचा दाखला जोडल्याशिवाय ठेकेदाराला पुढचा हप्ता देऊ नका. शस्त्रं किंवा शस्त्रांसाठी कर्ज देण्याआधी संसदेसमोर निवेदन येऊ द्या.

आणि तोवर माझ्या एका प्रश्नाचं लेखी उत्तर द्या : ज्या प्रकल्पासाठी मी पॅनेल पाठवले, त्याचे पैसे मुख्य ठेकेदाराला मिळाले आहेत की नाहीत? संबंध नाही असंच पुन्हा कळवायचं असेल, तर ते कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली, तेवढं सहीनिशी कळवा. माझा वकील ते परिषदेसमोर ठेवणार आहे.

आपला,
एक लघुउद्योजक
वागळे इस्टेट, ठाणे