देवीच्या वस्त्राविषयी चि. वैदेहीस

प्रियोळ, फोंडा
आषाढ वद्य पंचमी

चि. वैदेहीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. नवरात्रातल्या मखरोत्सवासाठी देवीचे वस्त्र विणण्याचे काम तुझ्याकडे आले, हे वाचून आम्हा दोघांनाही समाधान वाटले. काठ नारळीचा घ्यावा की करवतीचा, जरीचा धागा किती टाकावा, पिवळा रंग हळदीचा देता येईल का, असे पुष्कळ प्रश्न तू विचारले आहेस. मात्र हे वस्त्र देवीला कोण नेसवणार आणि कसे, हा प्रश्न तुझ्या पत्रात कुठेच नाही, आणि माझ्या मते बाकीच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे त्याच्यावरच अवलंबून आहेत. देवाचे वस्त्र म्हणजे वापरायचे वस्त्र. ते चुणले जाते, दोऱ्याने बांधले जाते, त्यावर अलंकार चढतात, त्याला चंदन, कुंकू आणि तेल लागते, आणि त्याच्यासमोर दिवसातून अनेकदा ज्योत फिरते. दुकानाच्या काचेआड शोभणारे रेशीम या सगळ्याला टिकेलच असे नाही.

आपल्याकडच्या उत्सवमूर्ती बहुधा धातूच्या आणि आकाराने लहान असतात. नऊवारी लांबीचे वस्त्र त्यांना नेसवायचे म्हणजे भटजींना त्याच्या बारीक निऱ्या करून थरावर थर बसवावे लागतात. जरीने जड झालेले कापड अशी निरी धरत नाही. ते फुगते आणि देवीचा आकारच झाकून टाकते. त्यातून मखरोत्सवात मूर्ती एका जागी स्थिर नसते. नवरात्रात रात्री देवीला बसवलेले मखर वाद्यांच्या तालावर झुलवतात तेव्हा गुळगुळीत वस्त्र हळूहळू खाली घसरू लागते, आणि आरती चालू असताना ते सावरायला भटजींचे हात मोकळे नसतात. म्हणून अंगाचे, म्हणजे काठ-पदर सोडून मधल्या भागाचे, विणकाम साधेच ठेव आणि बाण्याच्या, म्हणजे आडव्या, सुताला थोडा जास्त पीळ दे. पिळाच्या सुताची चमक किंचित कमी होते, पण कापडाला पकड येते. इथे मी चमकेपेक्षा पकडीला महत्त्व देईन.

या कामात तुझे येवल्याचे पैठणी विणण्याचे शिक्षण उपयोगी पडेल. पैठणीचा पदर तिल्ल्यांवर, म्हणजे रंगीत धाग्यांच्या छोट्या कांड्यांवर, रंगाला रंग गुंतवून विणला जात असल्यामुळे त्याच्या मागच्या बाजूला सुटे धागे लोंबत नाहीत आणि दोन्ही बाजू जवळजवळ सारख्याच दिसतात. साध्या जरतारी कापडाच्या पाठीवरचे मोकळे धागे देवीच्या कंबरपट्ट्यात आणि प्रभावळीच्या टोकांत अडकतात, आणि एक धागा ओढला गेला की अख्खी नक्षी चुरगळते. शिवाय निरी उलटली तरी पैठणीची पाठ दाखवायला संकोच वाटत नाही. काठ मात्र मी करवतीचाच घेईन. त्याचे दाते देवळाच्या शिखरांसारखे दिसतात एवढ्यासाठी नव्हे. काठ आणि अंग वेगवेगळ्या धोट्यांनी (आडवा धागा नेणाऱ्या नळ्यांनी) विणून एकमेकांत गुंतवले की दोन्हींचे रंग आपापल्या जागी शुद्ध राहतात, आणि अरुंद काठही गाभाऱ्याच्या अंधारात लांबून ओळखू येतो.

आता जरीविषयी. खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा असतो. आज बाजारात जरी म्हणून जे मिळते त्यातले पुष्कळसे प्लास्टिकच्या चकचकीत फितीचे असते. देवीला वस्त्र देणाऱ्या यजमानांना दोहोंतल्या किमतीचा फरक स्पष्ट सांग आणि पैसे कमी पडत असतील तर जरीचे काम कमी कर, पण खोटी जर वापरू नकोस. चांदी आपल्या दमट हवेत काळी पडते ही तक्रार खरी आहे, कारण हवेतल्या गंधकाशी तिचा संयोग होतो. तरी ती काळी पडलेली जरही वस्त्र म्हणून शाबूत राहते. कृत्रिम धाग्याला ज्योत लागली तर तो वितळतो आणि त्याचा तापलेला गोळा कातडीला चिकटतो. रेशीमही जळते, पण ज्योत दूर केली की बहुधा आपोआप विझते, केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडली जाते. कापूर आणि निरांजन घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसाच्या अंगावरचे सोवळे रेशमाचे का असावे, याला शुचितेची कारणे आहेतच. हे एक कारणही मला तितकेच पटते.

सूत घेताना ‘सिल्क मार्क’ पाहा. केंद्रीय रेशीम मंडळाने २००४ साली सुरू केलेली ही खूण रेशीम शुद्ध असल्याचे सांगते, कापड हातमागाचे आहे असे सांगत नाही. त्यासाठीची हातमागाची खूण निराळी आहे आणि ती २००६ पासूनची. जरीबद्दल दोन्ही खुणा गप्प आहेत.

कच्च्या रेशमावर सेरिसिन नावाचा गोंद असतो आणि तो काढला की सुताचे वजन साधारण पाव हिश्शाने उतरते, हे हिशेबात धर, नाहीतर ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, सूत कमी पडेल. साबणाच्या पाण्यात रेशीम उकळीच्या जरा खाली ठेव. सोडा जास्त झाला तर गोंदाबरोबर रेशीमही खाल्ले जाते. हळदीचा रंग मात्र देऊ नकोस. तो पहिल्या दिवशी फार सुरेख दिसतो, पण उजेडात उडतो आणि साबण किंवा चुना लागला की तांबडा डाग पडतो. रंग पक्का बसावा म्हणून तुरटीचा बंध देऊन डाळिंबाच्या सालीचा पिवळा घेतलास तर तो थोडा मंद येईल, पण जास्त दिवस टिकेल. कुठलाही रंग घे, विणण्यापूर्वी एक लड ओली करून पांढऱ्या फडक्यावर घासून बघ. अभिषेकाच्या वेळी हे वस्त्र अंगावर नको, एवढे भटजींना तूच सांगून ठेव, कारण भिजलेल्या रेशमाची ताकद कोरड्याहून कमी असते आणि जरीच्या वजनाने ते काठाशी फाटते.

अहिंसक रेशमाचा तुझा प्रश्न सर्वांत अवघड आहे. नेहमीच्या पद्धतीत पतंग बाहेर पडण्यापूर्वी कोश वाफेने किंवा गरम हवेने तापवतात आणि आतला जीव मरतो, म्हणूनच कोशाची शेकडो मीटर लांब तार अखंड निघते. एक किलो कच्च्या रेशमाला सहा ते आठ किलो कोश लागतात, म्हणजे हजारो जीव. हैदराबादचे कुसुमा राजय्या यांनी पतंग बाहेर पडू देऊन रिकाम्या कोशांपासून सूत काढण्याची पद्धत पुढे आणली. त्यात तार तुटलेली असल्याने ते कापसासारखे कातावे लागते. पतंग बाहेर पडला म्हणून तो उडून जातो असे नाही. पाळीव जातीचा पतंग उडू शकत नाही आणि थोडेच दिवस जगतो. यजमानांना हे सगळे सांग आणि निवड त्यांच्यावर सोड. कातलेले सूत ताण्याला मागाच्या फणीत घासून तुटण्याची भीती असते, बाण्याला मात्र उत्तम चालते आणि वर सांगितलेली पकडही त्याला असते. पण ताणा साध्या रेशमाचा आणि बाणा अहिंसक सुताचा असे विणलेस तर त्या वस्त्राला अहिंसक म्हणू नकोस.

पदरावर स्वतःचे नाव विणून हवे, ही यजमानांची मागणी मला पटली नाही. देवीला आलेली वस्त्रे पुढे पावणीत, म्हणजे देवळातल्या लिलावात, निघतात, आणि दुसऱ्या कोणी ती प्रसाद म्हणून घरी नेली की तिसऱ्याच घराण्याचे नाव पदरावर बाळगायचे हे त्या घरालाही नकोसे होते. शिवाय अक्षरे तिल्ल्यांवर विणायची म्हणजे दोन मोरांइतका वेळ जाईल. त्यांना गोड शब्दांत नकार दे. त्यांचा आग्रहच असेल तर आतल्या टोकाला सुती पट्टीवर नाव शिवून दे, म्हणजे नंतर ती उसवता येईल.

ताणा येवल्यालाच लाव, इथे आणू नकोस. गोव्याच्या पावसाळी हवेत रेशीम ओलावा पिऊन सैल पडते आणि दुपारी ऊन आले की ताणा आवळून तारा तुटतात. घरच्या मागावर श्रावणात मी रेशमाला हात लावत नाही, सुती कामच करते. तयार वस्त्र प्लास्टिकमध्ये न घालता धुतलेल्या मलमलीत गुंडाळून पाठव आणि जरीजवळ डांबरगोळ्या ठेवू नकोस. चतुर्थीला आलीस की आपण जुन्या गोव्याला सांता मोनिकाच्या मठातले ख्रिस्ती कलेचे संग्रहालय पाहू. चर्चच्या रेशमी वस्त्रांवर सोनेरी धागा नुसता वर ठेवून बारीक टाक्यांनी बसवायची रीत आहे, आणि ते वजन खालच्या कापडाने पेलायचे असते. जड काम आणि नाजूक कापड यांचा मेळ कसा घालतात, हे तिथे तुला समजून घेता येईल.

खळीचे काय करायचे तेही देवस्थानात विचारून घे. सोवळ्याचे नियम प्रत्येक ठिकाणी थोडे वेगळे असतात, आणि रेशीम किड्याचे असले तरी त्याला सरसाची, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या डिंकाची, खळ मात्र चालत नाही. तांदळाच्या पेजेला सहसा कोणाची हरकत नसते.

भटजींना माझ्या नावाने फोन कर. मूर्तीची उंची, बैठकीची रुंदी, सध्याच्या वस्त्राची लांबी आणि निऱ्या किती पडतात, ही चार मापे आधी घे. मग विणताना सुताचे आक्रसणे आणि मागाच्या दोन्ही टोकांना वाया जाणारे सूत धरून आपण ताण्याची लांबी काढू. जरीचा वीतभर नमुनाही पाठव, मी तो इथे जाळून पाहीन.

बाबांचे आशीर्वाद.

तुझी,
आई