वळवाचा दोर आणि तुझा तुटलेला पट्टा

१२ मे

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार. घाटात ट्रेलरवरचं पोकलेन हललं, ते बांधलेला एक पट्टा तुटला आणि तू तसलाच दुसरा लावून पुढं गेलास, हे वाचून आधी तुला चार शिव्या हासडल्या. मग लिहायला बसलो.

इथं वळवाचे दिवस. आभाळ भरून आलं की आम्ही आमचं छोटं सेसना विमान बांधायला धावतो. हसू नकोस, उभं विमानसुद्धा उडायला बघतं. वारा विमान पळाल्यामुळं आलाय की वावटळीमुळं, पंखाला काय कळतं! वारा दुप्पट झाला की उचल चौपट. म्हणून दोन पंखांखालच्या कड्या नि शेपटीची कडी अशा तीन ठिकाणी दोर, चाकांना चोक म्हणजे अडवायचे ठोकळे, नाक वाऱ्याकडे.

पहिल्या वर्षी मी मनिला दोर, म्हणजे झाडाच्या धाग्यांचा दोर, तारेसारखा ताणला होता. रात्री पाऊस झाला, दोर भिजून आखडला. सकाळी गाठ सुटेना, कापावा लागला. पंखाच्या कडीवर रात्रभर किती ओढ बसली असेल, या विचारानं आजही पोटात गोळा येतो. आता इंचभर सैल ठेवतो. जास्त नाही हं! लांब दाव्याचं वासरू कसं धावत जाऊन हिसका देतं नि खुंटीच उपटतं, तसं होतं.

तुझं मात्र कोनात चुकतंय. उभा पट्टा मशीन खाली दाबतो, ब्रेक लागल्यावर पुढं सरकणारं थोपवत नाही. पाच टनाचा पट्टा ४५ अंशांत बांधलास, तर पुढच्या ओढीला साडेतीन टनच उरतात. त्याहून उभा केलास तर आणखी कमी.

२९ एप्रिल २०१३ ला अफगाणिस्तानात बग्रामहून एक मालवाहू बोइंग ७४७ उडालं. पोटात पाच चिलखती गाड्या, काही १२ टनी, काही १८ टनी. उड्डाण होताच निदान एक गाडी मागं सरकली, हायड्रॉलिक आणि शेपटीच्या आडव्या पंखाची यंत्रणा मोडली. सातही जण गेले. आदल्या टप्प्यातच पट्टा तुटल्याचं वैमानिकांचं बोलणं रेकॉर्डरवर सापडलं. दत्ता, त्यांनाही तो पट्टाच खराब आहे, बांधणी नाही, असं वाटलं असेल.

पुढच्या खेपेआधी फोन कर. मशीनचं वजन आणि पट्ट्याच्या लेबलवरचा आकडा हाताशी ठेव. लेबल फाटलं असेल तर पट्टा विहिरीच्या रहाटाला दे.

काकूंना नमस्कार.

तुझा,
सुऱ्या