मोजमाप न करता ऑक्सिजन सेन्सर बदलू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पेट्रोल गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला, की स्कॅनर जोडायचा, गाडीच्या संगणकाने नोंदवलेला दोषाचा कोड वाचायचा आणि ‘ऑक्सिजन सेन्सर गेलाय’ असे सांगून नवा सेन्सर बसवायचा, ही पद्धत आपल्या शहरातील अनेक गॅरेजमध्ये दिसू लागली आहे. हजारो रुपयांचा सुटा भाग अशा रीतीने अंदाजावर बदलला जातो आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो, म्हणून वाहनधारक आणि मेकॅनिक या दोघांचेही लक्ष या विषयाकडे वेधावेसे वाटते.

हा सेन्सर इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात किती ऑक्सिजन उरला आहे, ते ओळखतो. झिर्कोनिया या सिरॅमिकचा नेहमीचा सेन्सर साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापला, की मिश्रणात पेट्रोल जास्त असताना सुमारे ०.९ व्होल्ट आणि हवा जास्त असताना सुमारे ०.१ व्होल्ट देतो. त्यावरून इंजिनचा संगणक पेट्रोल कमी-जास्त करत राहतो आणि वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल हे प्रमाण सांभाळतो. त्यामुळे तापलेल्या इंजिनवर धूर शुद्ध करणाऱ्या कॅटालिटिक कन्व्हर्टरच्या आधीच्या सेन्सरचे व्होल्टेज सतत वर-खाली होत असेल, तर तो ठणठणीत आहे असे समजावे. कन्व्हर्टरनंतरचा सेन्सर मात्र बऱ्यापैकी स्थिर राहायला हवा. तोही पहिल्यासारखाच हलू लागला, तर संशय आधी कन्व्हर्टरवर घ्यावा.

आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीत पी ०१७१ हा कोड आला होता. मिश्रणात पेट्रोल कमी पडत असल्याचे संगणकाला दिसते आहे, एवढाच या कोडचा अर्थ. ते का दिसते आहे, हे कोड सांगत नाही. तरीही एका गॅरेजने लगेच सेन्सर बदलला आणि थोड्याच दिवसांत दिवा पुन्हा लागला. शेवटी शिवाजी उद्यमनगर या औद्योगिक वसाहतीतील एका जुन्या मेकॅनिकने गाडी थंड असताना सुरू करायला लावली, सिलिंडरांतला धूर गोळा करणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ वाकून आवाज ऐकला आणि जोडाच्या कडेला उमटलेला काजळीचा काळा पट्टा बोटाने दाखवला. तेथील जोड घट्ट बंद ठेवणारे गॅस्केट जळाले होते. धूर धक्क्याधक्क्याने बाहेर पडतो आणि दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणी अशा फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सर त्या हवेतला ऑक्सिजन इमानाने कळवत होता, संगणक त्यावर विसंबून पेट्रोल वाढवत होता आणि गाडीचे ॲव्हरेज घसरत होते. नव्या सेन्सरनेही तेच कळवले, यात नवल नाही. मिसफायर होणाऱ्या, म्हणजे पेट्रोल नीट न पेटणाऱ्या सिलिंडरमधून न वापरलेला ऑक्सिजन बाहेर येतो, तेव्हाही अशीच फसगत होते.

पी ०१३५ या कोडची गोष्ट वेगळी. तो सेन्सर तापवणाऱ्या हीटरच्या सर्किटचा आहे. तेथे आधी फ्यूज, मग कनेक्टरपर्यंत १२ व्होल्ट पोचतात की नाही आणि त्यानंतर थंड सेन्सरच्या हीटरचा रोध (रेझिस्टन्स) तपासावा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्यांच्या गाड्या पाण्यात होत्या, त्यांनी कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज चढला आहे का, हे अवश्य पाहून घ्यावे. उंदरांनी कुरतडलेली वायर हेही कारण निघू शकते.

खुद्द सेन्सरची परीक्षा अवघड नाही. इंजिन पुरते तापल्यावर स्कॅनरवरचा आलेख पाहत किंवा डिजिटल मल्टिमीटर लावून ॲक्सिलरेटर झटक्यात दाबला, की व्होल्टेज ०.८ च्या वर जायला हवे आणि सोडताच ०.२ च्या खाली यायला हवे. वायरिंग ठीक असून आणि कोठेही गळती नसूनही ते हलत नसेल किंवा रेंगाळत असेल, तर सेन्सर खुशाल बदलावा. अनेक नव्या गाड्यांत मिश्रणाचे नेमके प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर असतो. त्याला ही व्होल्टची कसोटी लागू पडत नाही, त्याचे रीडिंग स्कॅनरवरच पाहावे लागते. काढलेल्या सेन्सरच्या टोकावर पांढरा थर दिसला, तर कूलंट ज्वलनकक्षात शिरते आहे का किंवा कोणी चुकीचा सिलिकॉन सीलंट वापरला आहे का, हे शोधल्याशिवाय नवा बसवू नये, कारण तोही त्याच कारणाने निकामी होईल.

ज्या उद्यमनगरात मायक्रोमीटर लावून मोजल्याशिवाय जॉब, म्हणजे यंत्रावर घडवलेला भाग, पुढे जात नाही, त्या गावात गाडीचा भाग अंदाजाने बदलला जावा, याचे मला मनापासून वाईट वाटते. आयटीआय आणि शासकीय तंत्रनिकेतनाने काम करणाऱ्या मेकॅनिकांसाठी या तपासणीचा छोटा संध्याकाळचा वर्ग सुरू करावा, अशी माझी विनंती आहे. वाहनधारकांनीही सेन्सर बदलण्याआधीचे आणि नंतरचे रीडिंग बिलावर लिहून मागावे आणि काढलेला जुना सेन्सर मागून घ्यावा.

कळावे,
आपला एक वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर