वास्को गोव्यात येत नाही का?

माननीय संपादक महोदय,

गेल्या आठवड्यात पणजीतील एका लग्नसमारंभात एका स्नेह्यांनी माझी ओळख "हे वास्कोला असतात, पण मूळचे पेडण्याचे" अशी करून दिली. त्यातल्या 'पण'मुळे हे पत्र लिहीत आहे. चाळीस वर्षे मी वास्कोतल्या मांगोर हिल या टेकडीवर राहतो, माझी मुले येथेच लहानाची मोठी झाली. तरीही माझे गोंयकारपण पटवून देण्यासाठी उत्तर गोव्यातले पेडणे पुढे करावे लागते, यात त्यांना काही वावगे वाटले नाही आणि, खरे सांगायचे तर, त्या क्षणी मलाही ते सोयीचेच वाटले. "वास्को म्हणजे गोंय न्हय रे" हे वाक्य इतक्यांदा ऐकले आहे की त्याचा राग येणेही आता बंद झाले आहे.

२०११ च्या जनगणनेत वास्को ज्यात येते त्या मुरगाव पालिका क्षेत्राची लोकसंख्या ९४ हजारांच्या वर होती, तर पणजी शहराची सुमारे ४० हजार. महानगरपालिका मात्र पणजीला. राजधानीचा मानही एकदा आमच्याकडे यायचा राहून गेला, हे फारसे कोणाला आठवत नाही. संभाजी महाराजांच्या १६८३ च्या स्वारीने हादरलेल्या पोर्तुगीजांनी राजधानी मुरगावला हलवण्याचे ठरवून बांधकामही सुरू केले होते. ते तडीस गेले नाही आणि १८४३ साली पणजी राजधानी झाली. आमच्या वाट्याला आले ते बंदर, रेल्वे, दाबोळीचा विमानतळ, जहाजबांधणी आणि खताचा कारखाना. कारखान्यापाशी वसलेल्या झुआरीनगरला आम्ही आजही 'बिर्ला'च म्हणतो. गोव्याला ज्याची गरज होती पण जे अंगणात नको होते, ते सारे या एका तालुक्यात मांडले गेले. त्या कामांसाठी कर्नाटक, आंध्र, उत्तर प्रदेशातून माणसे आली, आणि आता त्याच माणसांकडे बोट दाखवून वास्को परके ठरवले जाते.

आता बंदरात उतरणाऱ्या कोळशाच्या धुळीविषयी. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटला की आमच्या खिडकीच्या कट्ट्यावर काळा थर बसू लागतो. तो मातीच्या धुळीसारखा झटकला जात नाही, ओल्या फडक्याने पुसला की पसरतो. त्यामुळे घरात आधी कोरडे फडके, मग ओले, असा क्रम ठरलेला आहे. धुतलेले कपडे तीनच्या आत दोरीवरून काढायचे, हा नियम माझ्या पत्नीने सुनेलाही शिकवला. कोळसा हाताळणी वाढवण्याच्या प्रस्तावांवर २०१७ साली वास्कोत झालेली जनसुनावणी कित्येक दिवस चालली, ती अशाच घरांतली माणसे रांगेत उभी राहून बोलली म्हणून. पुढे नोव्हेंबर २०२० मध्ये, हे काम कोळशाच्या वाहतुकीसाठीच आहे असे म्हणत, रेल्वेच्या दुपदरीकरणाविरुद्ध दक्षिण गोव्यातल्या चांदर गावी लोक रात्रभर रुळांवर बसले, तेव्हा साऱ्या गोव्यात त्याची चर्चा झाली. त्या लोकांविषयी मला आदरच आहे. तरी मनात येते ते असे, की कोळसा उतरतो आमच्या दारात, आणि गोव्याला तो दिसतो चांदरला पोचल्यावर.

आमच्या टेकडीचे नाव एकदाच घरोघरी पोचले. कोरोनाच्या साथीत, जून २०२० च्या आरंभी, मांगोर हिल हा गोव्यातला पहिला प्रतिबंधित विभाग ठरला. तोवर 'मांगोर हिल नेमके कुठे?' असे विचारणारे नातेवाईक त्यानंतर कित्येक महिने फोनवर तब्येतीची चौकशी करत आणि भेटीचा विषय निघाला की पावसाचे कारण सांगत. त्यांना दोष देत नाही, भीती सर्वांनाच होती. पण नावाला चिकटलेले ते सावट साथ ओसरल्यावरही वर्षभर तरी गेले नाही. बाकी रस्ते, पाणी, कचरा यांची रडगाणी प्रत्येक शहराची असतात. ती येथे गात नाही.

माझी मागणी लहान आहे. हवेतील धुळीची रोजची नोंद आकड्यांत, मराठीत आणि कोंकणीत, स्वातंत्र्य पथावर मासळी मार्केटला येणाऱ्या माणसाला दिसेल अशा फलकावर लावली जावी. संकेतस्थळावरची माहिती आमच्या शेजारणी पाहत नाहीत, फलक मात्र वाचतील. आणि आपल्यासारख्या वृत्तपत्रांनी वास्कोला अपघात, चोरी आणि आंदोलन यांपलीकडेही चार ओळी द्याव्यात.

वर्षातून एकदा गोवा आमच्याकडे येतो, हे नमूद केले पाहिजे. दामोदर भजनी सप्ताहाला नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी रस्ते फुलून जातात, अहोरात्र भजन चालते, पारांतले, म्हणजे भजनी मिरवणुकांतले, गायन ऐकायला काणकोणपासूनची मंडळी रात्र जागवतात. तेव्हा मलाही वास्कोचा अभिमान वाटतो. अडचण एवढीच, की सप्ताह श्रावणात येतो. पावसाने धूळ बसलेली असते, झाडे हिरवी असतात, आणि पाहुण्यांना शहर धुऊन पुसून ठेवलेले दिसते. 'तुमचे वास्को तर छान आहे की' असे म्हणून ते परततात. त्यांना माझे आमंत्रण आहे की त्यांनी एकदा फेब्रुवारीत यावे, दुपारी चारच्या सुमारास, पांढरा सदरा घालून.

आपला,
एक वाचक
मांगोर हिल, वास्को