मानाच्या शाली फक्त वादकांनाच का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बडोद्यातील शाळा-कॉलेजांच्या स्नेहसंमेलनांत हल्ली गिटारच्या जोडीला युकुलेलेही दिसू लागले आहे आणि ते पाहून संगीतातल्या जुन्या जाणकारांच्या कपाळावर आठी पडते, हेही नजरेतून सुटत नाही. चार तारांच्या या वाद्याला खेळणे म्हणून मोडीत काढण्याआधी त्याच्या चाहत्यांनी आपले मानकरी कसे निवडले, हे पाहावे, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच. कारण त्यात आपल्या गावातील संगीतसंस्थांनी घेण्यासारखे बरेच आहे.

अमेरिकेत १९९६ साली ‘युकुलेले हॉल ऑफ फेम म्युझियम’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या मानकऱ्यांत रॉय स्मेक यांच्यासारखे बोटांच्या करामतीने थक्क करणारे वादक आहेतच, पण मॅन्युएल नुनिस हे वाद्य घडवणारे कारागीर आणि या वाद्याला दरबारी प्रतिष्ठा देणारे हवाईचे राजे कालाकौआ यांनाही तेथे तोच मान आहे. मला सर्वांत मोलाची वाटते ती मे सिंघी ब्रीन यांची निवड. अमेरिकेतील संगीतकारांची संघटना युकुलेलेला वाद्य मानायलाच तयार नव्हती. ब्रीनबाई त्यासाठी भांडल्या आणि ती मान्यता त्यांनी मिळवली. आपल्याकडे आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती पुढे कित्येक वर्षे टिकली. त्या काळात पेटीची बाजू मांडणाऱ्यांपैकी किती जणांचा आपण त्याबद्दल सत्कार केला?

इतिहासकारांच्या वाट्याला आलेले काम तर याहूनही कमी दिसणारे असते. माडेरा बेटावरून पोर्तुगीज मजुरांना घेऊन ‘रेव्हन्सक्रॅग’ हे जहाज २३ ऑगस्ट १८७९ रोजी होनोलुलूला पोहोचले. नुनिस, ऑगस्टो डायस आणि जोझे दो एस्पिरितो सान्तो हे तिघे लाकूडकाम जाणणारे त्याच जहाजातून आले आणि माडेरातील ‘माशेते’ या छोट्या चारतारी वाद्यापासून पुढे हवाईत युकुलेले आकाराला आले. या साऱ्याला आधार काय, तर जहाजांच्या नोंदी, जाहिराती आणि वर्तमानपत्रांतील किरकोळ बातम्या. जहाज लागल्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांच्या आत ‘हवाईयन गॅझेट’ने नव्याने आलेले माडेराकर रोज रात्री रस्त्यावर वाजवून लोकांना रिझवतात, अशा अर्थाच्या दोन ओळी छापल्या होत्या. त्या छापणाऱ्या संपादकांना आपण इतिहासाचे साधन तयार करीत आहोत, याची कल्पनाही नसेल.

असे कण वेचून युकुलेलेचा विश्वसनीय इतिहास लिहिणाऱ्यांत जॉन किंग आणि जिम ट्रँक्वाडा ही दोन नावे अग्रभागी आहेत. ट्रँक्वाडा हे वर उल्लेखिलेल्या डायस यांचेच वंशज. किंग स्वतः उत्तम वादकही होते. युकुलेलेच्या प्रचलित जुळणीत वादकाच्या अंगठ्याजवळची तार खर्जाची नसून उंच स्वराची असते. त्याचा लाभ घेऊन ते बाख या जर्मन संगीतकाराच्या रचनेतील लागोपाठचे स्वर शक्यतो वेगवेगळ्या तारांवर वाजवीत, त्यामुळे आधीचा स्वर विरण्यापूर्वी पुढचा त्यात मिसळे. किंग २००९ मध्ये निवर्तले आणि दोघांचा ग्रंथ त्यानंतर, २०१२ मध्ये, प्रसिद्ध झाला.

आता आपल्याकडे पाहू. राजाश्रयाचे महत्त्व बडोदेकरांना कोणी समजावून सांगायला नको. कालाकौआ जगप्रवासात हिंदुस्थानात येऊन गेले त्या १८८१ सालीच सयाजीराव महाराजांच्या हाती राज्यकारभाराची पूर्ण सूत्रे आली. १८८६ मध्ये मौलाबक्षांची गायनशाळा सुरू झाली. १९१६ मध्ये भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद याच शहरात भरली. उस्ताद फैयाज खाँ येथलेच दरबारगायक. एवढा वारसा असूनही कलावंत कारखान्यात, म्हणजे दरबारच्या कलावंतांच्या खात्यात, तंबोऱ्यांच्या जवाऱ्या कोण काढीत असे, पेट्यांचे सूर कोण जुळवीत असे, साथीला कोण बसत असे, याची माहिती सर्वसामान्य रसिकाला कोठे मिळेल?

आमच्या सत्कार समारंभांतील मानपत्रे वाचावीत. ‘स्वरसाधक’, ‘नादब्रह्माचे उपासक’ अशी विशेषणे ओळीने मिळतात. गुरू कोण, शिक्षण किती वर्षे झाले, ध्वनिमुद्रणे कोणती, ती सध्या कोणाकडे आहेत, यांपैकी एकाचेही उत्तर मिळत नाही. पन्नास वर्षांनी त्यातून संशोधकाच्या हाती काय लागणार!

म्हणून शहरातील संगीतसंस्थांना विनंती अशी की, दरवर्षीच्या पुरस्कारांपैकी एक वाद्य घडवणाऱ्या वा दुरुस्त करणाऱ्या कारागिराला आणि एक संगीताच्या अभ्यासकाला द्यावा, तसेच प्रत्येक मानकऱ्याचे चार-पाच पानी चरित्र तपशिलासह छापून त्याची प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवावी. २०३६ मध्ये गायनशाळेच्या स्थापनेला दीडशे वर्षे पूर्ण होतील, तोवर अशी बरीच चरित्रे जमा झालेली असतील. खर्चाची अडचण असल्यास प्रमुख पाहुण्यांच्या शाली कमी कराव्यात. त्यांच्याकडे त्या पुष्कळ असतात. आपल्या पत्रानेही स्थानिक मैफलींच्या बातम्या देताना साथीदारांची पूर्ण नावे वगळू नयेत, ही आग्रहाची विनंती.

आपला,
एक वाचक
रावपुरा, बडोदे